वर्दीआधी लेसर? पोलीस भरती आणि डोळ्यांची शस्त्रक्रिया

भंडारा जिल्ह्यातील तुमसर हे धानाची बाजारपेठ म्हणून ओळखले जाते. तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत, तर देव्हाडी येथील तुमसर रोड जंक्शनमुळे हा भाग हावडा-मुंबई लोहमार्गाशी जोडलेला आहे. तरीही दरमहा निश्चित वेतन देणारी सरकारी नोकरी हेच येथील अनेक शेतकरी कुटुंबांतील मुलामुलींचे उद्दिष्ट असते आणि त्यात पोलीस भरतीचा क्रमांक वरचा लागतो. भरतीची चाहूल लागली की पहाटेच्या अंधारात धावण्याचा सराव सुरू होतो. उंची फूटपट्टीवर मोजली जाते, छातीला फीत लावली जाते, गोळाफेकीचे अंतर रोज नोंदवले जाते. डोळ्यांची आठवण मात्र बहुधा सर्वांत शेवटी होते.

चष्मा असलेल्या उमेदवाराला मग मित्र, नातेवाईक आणि शिकवणीवर्गातील सहकारी एकच सल्ला देतात : ‘लेसर करून घे.’ नागपूर रेल्वेने दोन तासांच्या आत आहे, शस्त्रक्रिया काही मिनिटांची आहे आणि दुसऱ्या दिवशी चष्म्याशिवाय दिसू लागते, हे सर्व खरे आहे. परंतु डोळ्याला स्पष्ट दिसणे आणि भरतीच्या नियमात बसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. काही भरत्यांमध्ये ही शस्त्रक्रिया उमेदवाराला पात्र ठरवते, काहींमध्ये तीच त्याला कायमची अपात्र ठरवते. शस्त्रक्रिया झाल्यानंतर डोळा पूर्ववत करता येत नाही. म्हणूनच ‘लेसर करावे का’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या भरतीसाठी’ हा प्रश्न विचारला जाणे आवश्यक आहे.

६/६ म्हणजे काय?

दृष्टी मोजण्यासाठी वापरला जाणारा अक्षरांचा तक्ता डच नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केला. उमेदवाराला तक्त्यापासून सहा मीटरवर उभे केले जाते. अपूर्णांकातील वरचा आकडा हे उमेदवाराचे अंतर, तर खालचा आकडा हे सर्वसाधारण निरोगी डोळ्याला तीच ओळ वाचता येईल असे अंतर होय. ६/१२ दृष्टी म्हणजे इतरांना जी ओळ बारा मीटरवरून वाचता येते, ती वाचण्यासाठी या व्यक्तीला सहा मीटरपर्यंत जवळ यावे लागते.

येथे दोन शब्दांकडे बारकाईने पाहावे लागते. ‘चष्म्यासह’ दृष्टी आणि ‘चष्म्याशिवाय’ दृष्टी. चष्मा लावून ६/६ वाचणाऱ्या व्यक्तीची चष्म्याशिवायची दृष्टी ६/६० देखील असू शकते. भरतीच्या जाहिरातीत नेमकी कोणती दृष्टी अपेक्षित आहे, यावर सारा निर्णय अवलंबून असतो.

लेसर नेमके काय करते?

डोळ्याच्या सर्वांत पुढचा पारदर्शक भाग म्हणजे पारपटल, अर्थात कॉर्निया. प्रकाशकिरण वाकवण्याचे बरेचसे काम तोच करतो. डोळ्याची लांबी अधिक असली किंवा पारपटलाचा बाक जास्त असला की किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकवटतात आणि दूरचे अंधुक दिसते. यालाच आपण उणे नंबर म्हणतो. लेसर शस्त्रक्रियेत पारपटलाचा काही भाग सूक्ष्म प्रमाणात काढून त्याचा बाक बदलला जातो. डोळ्याची लांबी मात्र आहे तेवढीच राहते.

यासाठी वापरला जाणारा एक्सायमर लेसर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील किरण आहे. तो आजूबाजूच्या पेशींना न जाळता ऊतीचा थर नेमकेपणाने काढू शकतो, हे १९८१ मध्ये अमेरिकेतील आयबीएमच्या प्रयोगशाळेत लक्षात आले. हा शोध लावणाऱ्या तिघांपैकी रंगस्वामी श्रीनिवासन हे भारतात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ होत. पुढे न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी पारपटलासाठी त्याचा उपयोग सुचवला आणि नव्वदच्या दशकात ही शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली.

आज प्रामुख्याने तीन पद्धती प्रचलित आहेत. पहिली पीआरके. हिच्यात पारपटलावरील पेशींचे नाजूक आवरण दूर करून पृष्ठभागावरच लेसर दिला जातो. आवरण काही दिवसांत पुन्हा तयार होते. तोपर्यंत वेदना, पाणी येणे असा त्रास होतो आणि दृष्टी स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. दुसरी लॅसिक. हिच्यात पारपटलाचा पातळ पापुद्रा उचलून आतील थरावर लेसर दिला जातो आणि पापुद्रा पुन्हा जागेवर ठेवला जातो. वेदना अत्यल्प असतात व दुसऱ्याच दिवशी चांगले दिसते. तिसरी स्माइल. हिच्यात फेम्टोसेकंद लेसरने पारपटलाच्या आत भिंगाच्या आकाराचा तुकडा कापून तो लहान छेदातून बाहेर काढला जातो. पापुद्रा मात्र केला जात नाही.

पोलिसी पेशाच्या दृष्टीने या फरकाला महत्त्व आहे. लॅसिकमधील पापुद्रा जागेवर बसत असला, तरी तो मूळच्या ताकदीने पुन्हा जुळत नाही. डोळ्याला थेट मार बसल्यास वर्षांनंतरही तो सरकल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. कुस्ती, मुष्टियुद्ध अशा खेळांतील व्यक्तींना आणि सैनिकांना म्हणूनच अनेक नेत्रतज्ज्ञ पापुद्रा नसलेली पद्धत सुचवतात. लाठीकवायत, जमाव पांगवणे, झटापट हे ज्यांच्या नोकरीचे स्वरूप असणार आहे, त्यांनी हा मुद्दा डॉक्टरांपुढे स्वतःहून मांडावा.

नियम सर्वत्र सारखे नाहीत

‘पोलीस भरती’ हा एकच शब्द वापरला जात असला, तरी त्याखाली अनेक स्वतंत्र भरत्या येतात आणि प्रत्येकीचे वैद्यकीय निकष वेगळे आहेत.

महाराष्ट्र पोलीस दलातील शिपाई पदासाठी बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. पुरुषांसाठी किमान १६५ सेंमी, तर महिलांसाठी १५५ सेंमी उंची लागते. शारीरिक चाचणी ५० गुणांची व लेखी परीक्षा १०० गुणांची असते. वैद्यकीय तपासणी मात्र निवडीच्या अखेरच्या टप्प्यावर, शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून होते. मैदान आणि लेखी परीक्षा दोन्ही पार केलेला उमेदवार या टप्प्यावर अडखळला, तर वर्षादोन वर्षांचे कष्ट वाया जातात. त्यामुळे ज्या घटकात अर्ज करावयाचा आहे, त्याच्या जाहिरातीतील व सेवाप्रवेश नियमांतील दृष्टीविषयक मजकूर सरावाच्या आरंभीच वाचून ठेवणे इष्ट.

केंद्रीय भरतीत नियम अधिक कठोर आहेत. कर्मचारी निवड आयोगामार्फत दिल्ली पोलीस व केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांसाठी उपनिरीक्षकांची निवड होते. त्या परीक्षेच्या अधिसूचनांत दूरची दृष्टी चांगल्या डोळ्याची ६/६ व दुसऱ्याची ६/९ अशी मागितलेली असते. ही दृष्टी चष्म्याविना असावी लागते, इतकेच नव्हे, तर दृष्टी सुधारण्यासाठी कोणत्याही प्रकारची शस्त्रक्रिया केलेली नसावी, असेही त्यात स्पष्ट म्हटलेले असते. दिल्ली पोलीस शिपाई पदासाठी दोन्ही डोळ्यांची चष्म्याविना ६/१२ दृष्टी पुरते. पण तेथेही चष्मा किंवा शस्त्रक्रियेने केलेली सुधारणा ग्राह्य धरली जात नाही. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, औद्योगिक सुरक्षा दल आदींच्या शिपाई भरतीत ६/६ व ६/९ अशी चष्म्याविना दृष्टी लागते आणि कोणत्याही प्रकारे दृष्टी सुधारून घेण्यास मुभा नसते.

यातून एक विचित्र वाटणारी, पण खरी परिस्थिती उद्भवते. सौम्य उणे नंबर असलेल्या एखाद्या युवकाला चष्म्याविना ६/१२ दिसते. दिल्ली पोलीस शिपाई पदाच्या दृष्टीच्या निकषात तो आहे तसाच बसतो. पण कुणाच्या सांगण्यावरून त्याने लेसर करून दृष्टी ६/६ वर नेली, तर चांगले दिसू लागूनही तो त्याच पदासाठी अपात्र ठरतो. खर्च करून त्याने आपल्यासाठी उघडे असलेले दार स्वतःच बंद केलेले असते.

याच अधिसूचनांत आणखी एक बारकावा आढळतो. उजव्या हाताने काम करणाऱ्या व्यक्तीचा उजवा डोळा हा ‘चांगला डोळा’ असावा लागतो, डावखुऱ्याचा डावा. बंदुकीचा नेम धरण्याशी याचा संबंध आहे. उजव्या डोळ्याने ६/९ आणि डाव्याने ६/६ दिसणारा उजवखुरा उमेदवार आकड्यांनी पात्र वाटला, तरी तपासणीत अडचणीत येऊ शकतो.

याउलट भारतीय पोलीस सेवेसाठीचे निकष पाहावेत. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेच्या नियमांत या सेवेसाठी सुधारित, म्हणजे चष्म्यासह मोजलेली दृष्टी ग्राह्य आहे. चष्मा व कॉन्टॅक्ट लेन्सबरोबरच लॅसिक किंवा डोळ्यात बसवलेले भिंग अशा शस्त्रक्रियांचाही मान्य उपायांत समावेश आहे. रंगदृष्टी मात्र उच्च प्रतीची हवी आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहण्याची क्षमता हवी. म्हणजेच शिपाई पदासाठी काही दलांत जी शस्त्रक्रिया चालत नाही, ती पोलीस अधीक्षकाच्या वाटेवर अडसर ठरत नाही. आणि जेथे चष्माच चालतो, तेथे केवळ भरतीसाठी शस्त्रक्रिया करण्याची गरजही उरत नाही.

पोलीस भरतीची तयारी करणारे युवक बहुधा सैन्यदल व रेल्वेचेही अर्ज भरतात. हवाई दलाच्या अधिकारी निवडीच्या निकषांत लॅसिकला अटींसह परवानगी आहे. शस्त्रक्रिया वयाच्या २० वर्षांआधी झालेली नसावी, तिला किमान १२ महिने उलटलेले असावेत, शस्त्रक्रियेनंतर पारपटलाची जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी, या त्यांतील काही प्रमुख अटी होत. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदासाठी मात्र लॅसिक किंवा तत्सम शस्त्रक्रिया झालेला उमेदवार अपात्र असतो. तुमसर रोडसारख्या जंक्शनच्या परिसरातील जो युवक पोलीस आणि रेल्वे या दोन्ही वाटा खुल्या ठेवू इच्छितो, त्याने हे आवर्जून ध्यानात घ्यावे.

नियम वेळोवेळी बदलतात. त्यामुळे ज्या वर्षी अर्ज करावयाचा, त्या वर्षीची मूळ अधिसूचनाच प्रमाण मानावी. मजकूर संदिग्ध वाटल्यास संबंधित कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज केल्यास सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. शिकवणीवर्गातील ऐकीव माहितीपेक्षा असा एक कागद कितीतरी मोलाचा ठरतो.

लेसरने जे बदलत नाही

लेसर केवळ चष्म्याचा नंबर घालवतो. वैद्यकीय तपासणीत याखेरीज अनेक गोष्टी पाहिल्या जातात आणि त्यांवर या शस्त्रक्रियेचा काहीही परिणाम होत नाही.

पहिली बाब रंगांधळेपणाची. लाल-हिरव्या रंगांतील फरक न कळणे हा बहुधा जन्मजात दोष असून तो पुरुषांत अधिक आढळतो. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रंगीत ठिपक्यांच्या चित्रांवरून तो काही मिनिटांत ओळखता येतो. त्यावर उपचार नाही. अनेकांना आपल्यात हा दोष आहे याची जाणीव तपासणीच्या दिवशीच होते. म्हणून लेसरचा विचार करण्यापूर्वी ही साधी चाचणी करून घ्यावी. तिच्यात दोष निघाल्यास पोलीस भरतीसाठी लेसरवर पैसा घालण्यात अर्थ उरत नाही.

दुसरी बाब तिरळेपणा व मंददृष्टी. बालपणी एका डोळ्याचा नंबर लक्षात न आल्याने तो डोळा ‘आळशी’ राहिला असेल, तर चष्मा लावूनही त्याची दृष्टी ६/६ होत नाही. लेसरनेही ती होत नाही. चष्म्यासह जेवढे दिसते, त्याहून फारसे अधिक लेसरनंतर दिसण्याची अपेक्षा ठेवू नये.

तिसरी बाब दृष्टिपटलाची. मोठ्या उणे नंबरच्या डोळ्याची लांबी वाढलेली असल्याने आतील पडदा ताणला जाऊन कडेला विरळ होतो, त्याला छिद्रे पडण्याचा धोका असतो. नंबर शून्य झाला तरी हा धोका तसाच राहतो. बाहुली मोठी करणारे थेंब टाकून पडद्याची तपासणी करणे म्हणूनच अनिवार्य मानले जाते.

कोण योग्य, कोण अयोग्य?

शस्त्रक्रियेसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावीत आणि मागील किमान एक वर्ष नंबर स्थिर असावा. वर्षभरात अर्ध्या डायॉप्टरहून अधिक बदल झाला असल्यास थांबणेच योग्य. विशीच्या आत अनेकांचा नंबर वाढत असतो. घाईने लेसर केल्यास काही काळाने पुन्हा चष्मा लागू शकतो.

पारपटलाची जाडी हा दुसरा निकष. ती सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त असते. एक डायॉप्टर नंबर घालवण्यासाठी लॅसिकमध्ये सुमारे १२ ते १६ मायक्रॉन ऊती काढावी लागते. उणे चार नंबरला साधारण ५० ते ६५ मायक्रॉन. मूळ जाडी ५४० असेल, तर शिल्लक जाडी ४७५ हून अधिक राहते. पण मूळ जाडी ५०० आणि नंबर उणे सहा असेल, तर ती ४५० च्या बरीच खाली जाते. म्हणजे डॉक्टरांच्या मते शस्त्रक्रिया शक्य असली, तरी ४५० ची अट घालणाऱ्या दलासाठी असा उमेदवार अपात्र ठरू शकतो. हा हिशेब शस्त्रक्रियेपूर्वी अवघ्या काही मिनिटांत मांडता येतो.

केराटोकोनस या विकारात पारपटल पातळ होऊन पुढे शंकूसारखे येऊ लागते. अशा डोळ्यावर लेसर केल्यास ते आणखी कमकुवत होऊन दृष्टीला गंभीर हानी पोहोचते. प्रारंभीच्या अवस्थेत हा विकार साध्या तपासणीत दिसत नाही. त्यासाठी पारपटलाचा नकाशा काढणारी टोपोग्राफी करावी लागते. डोळे सतत चोळण्याची सवय, वारंवार बदलणारा सिलिंडर नंबर ही त्याची लक्षणे असू शकतात. गरोदरपणी व स्तनपानाच्या काळात, तसेच डोळ्यांचा तीव्र कोरडेपणा असल्यास ही शस्त्रक्रिया टाळली जाते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मोजमापांपूर्वी त्या काही काळ बंद कराव्या लागतात. मऊ लेन्स साधारण एक-दोन आठवडे आणि कडक लेन्स त्याहून अधिक काळ.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस

डोळ्यांत कोरडेपणा जाणवणे, रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे, समोरून येणाऱ्या वाहनाचा प्रकाश पसरल्यासारखा भासणे ही सर्वसाधारण लक्षणे होत. बहुतेकांत ती काही महिन्यांत कमी होतात, काहींत टिकून राहतात. रात्रीची गस्त आणि नाकाबंदी ज्यांना करावयाची आहे, त्यांच्यासाठी ही बाब किरकोळ नाही.

पहिल्या काही आठवड्यांत डोळे चोळणे, पोहणे, कुस्ती-कबड्डी वर्ज्य असते. मैदानी सराव डॉक्टरांच्या परवानगीनेच सुरू करावा. तुमसरसारख्या धानाच्या पट्ट्यात एक विशेष दक्षता घ्यावी लागते. मळणीच्या काळात हवेत उडणारा भुसा व धूळ ताज्या जखमेला अपायकारक ठरते. त्यामुळे मळणीच्या तोंडावर शस्त्रक्रिया ठरवू नये. पीआरके झालेल्यांनी विदर्भातील प्रखर उन्हात काळा चष्मा कटाक्षाने वापरावा, कारण अतिनील किरणांमुळे पारपटलावर धूसरपणा येण्याची शक्यता वाढते.

लपवून चालते का?

‘सांगितले नाही तर कळणार कुणाला’ हा समज घातक आहे. लॅसिकच्या पापुद्र्याची कड स्लिट लॅम्पखाली अनुभवी तज्ज्ञाला वर्षांनंतरही दिसू शकते. टोपोग्राफीत सपाट झालेला मध्यभाग आणि कमी झालेली जाडी शस्त्रक्रियेची साक्ष देतात. निवडीच्या वेळी भरून द्यावयाच्या साक्षांकन नमुन्यात व वैद्यकीय घोषणापत्रात खोटी माहिती देणे हे स्वतंत्रपणे अपात्रतेचे कारण ठरते, नियुक्तीनंतर उघड झाल्यास नोकरीही जाऊ शकते. कायद्याचे रक्षण करणाऱ्या सेवेचा आरंभ खोट्या घोषणेने व्हावा, हे कोणत्याही अर्थाने हिताचे नाही.

जेथे शस्त्रक्रिया मान्य आहे, तेथे कागदपत्रे उपयोगी पडतात. शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, पारपटलाची जाडी, पद्धतीचे नाव, दिनांक आणि नंतरच्या तपासण्यांचे अहवाल जपून ठेवावेत. केंद्रीय भरतीत अपात्र ठरल्यास फेरतपासणीची सोय असते, पण तिची मुदत अल्प असते. अशा वेळी हाताशी असलेले अहवालच कामी येतात.

क्रम महत्त्वाचा

सर्व बाबी विचारात घेता उमेदवाराने पुढील क्रम पाळणे श्रेयस्कर ठरेल. प्रथम आपल्याला कोणकोणत्या भरत्यांसाठी अर्ज करावयाचे आहेत त्यांची यादी करावी आणि प्रत्येकीच्या अधिसूचनेतील दृष्टीविषयक परिच्छेद वाचावा. दुसरे, नेत्रतज्ज्ञाकडून चष्म्याविना व चष्म्यासह दृष्टी, रंगदृष्टी आणि पडदा तपासून घ्यावा. ही प्राथमिक तपासणी सरकारी रुग्णालयातही होऊ शकते. तिसरे, दोन्ही कागद शेजारी ठेवून शस्त्रक्रियेने कोणती दारे उघडतात आणि कोणती बंद होतात ते पाहावे. चौथे, शस्त्रक्रिया करावयाचीच असल्यास ती भरतीच्या तोंडावर न करता किमान वर्षभर आधी करावी.

दोन्ही डोळ्यांचा खर्च पद्धतीनुसार काही हजारांपासून लाख रुपयांपर्यंत जातो. धान विकून आलेला पैसा त्यात घालणाऱ्या कुटुंबासाठी ही रक्कम लहान नव्हे. पैसा पुन्हा उभा करता येतो, पण पारपटलाचा काढलेला थर परत येत नाही. पहाटे धावण्याच्या सरावाला निघण्यापूर्वी एक दिवस नेत्रतपासणीसाठी आणि एक संध्याकाळ अधिसूचना वाचण्यासाठी राखून ठेवली, तर अखेरच्या टप्प्यावरील निराशा बऱ्याच अंशी टाळता येईल.